सात खाचांचा वीर

या, असे दाराशी उभे राहू नका. सतरंजी मोठी आहे, पुढे सरका. म्हाताऱ्यांना भिंतीची बाजू द्या, आणि ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांनी खुशाल खुर्ची घ्या, देव रागवत नाही. आज एक हकिगत सांगणार आहे. मुळशी धरणाच्या मागच्या डोंगरांत एक गड आहे, धामणगड. त्या गडावर हरवलेल्या एका वीराची, आणि नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन त्याला हुडकायला चढलेल्या एका बाईची ही गोष्ट. घडून दोन महिने झाले.

एक आधीच सांगते. पौडच्या देवळात मी चाळीस वर्षं कीर्तन ऐकत आले आहे. आमचे बुवा नमनालाच बजावतात, की चपलांबरोबर राग पण बाहेर काढून या. मी दर वेळी काढते. निरूपण चालू झालं, टाळ वाजला की माझं मन लोण्यासारखं होतं, हे माझ्या सुनेलाही ठाऊक आहे. म्हणून काही मागायचं असलं की ती मला कीर्तनाहून आल्यावरच गाठते. पण ही हकिगत मी बुवांना सांगायला बसले आणि तिसऱ्या वाक्याला माझा आवाज चढला. तेव्हा बुवांची क्षमा मागून आज रागासकटच सांगते.

मी शारदा. तीस वर्षं या तालुक्यातल्या शाळांमधून शिकवलं. आता निवृत्त आहे आणि गुडघे साथ देतात तोवर गड बघत फिरते. धामणगड दोन वर्षं बंद होता. कुठल्याशा संस्थेनं त्याचा जीर्णोद्धार करायला घेतला होता. जानेवारीत तो उघडला. आठशे वर्षांपूर्वीचा गड जसाच्या तसा उभा केला, अशी बातमी वाचली आणि एका रविवारी पहिल्या एसटीनं माले गावापर्यंत, तिथून जीपनं पायथ्याच्या धामणवाडीत उतरले.

नव्या पायऱ्या छान होत्या. निम्म्यावर एक म्हातारी बसली होती. पंचाहत्तरीची असेल. नऊवारीचा काष्टा आवळलेला, मांडीवर कापडी पिशवी.

"बसा की बाई," ती म्हणाली. "गड कुटं पळून जातुया?"

मी बसले. "एकट्याच निघालात?"

"एकटी कशी? नात हाय की संगं." मी इकडेतिकडे पाहिलं. तिनं पिशवीतून हळद लावलेली पत्रिका काढून दाखवली. "ही बगा. जुईलीची."

तिचं नाव रत्नाबाई. धामणवाडीच्या दहा-अकरा जुन्या घरांतली एक रीत तिनं मला तिथंच पायरीवर समजावून सांगितली. घरात लग्न निघालं की पहिली पत्रिका गडावरच्या वीराला. वीर म्हणजे या गडावर लढून पडलेल्या पूर्वजाचा दगड. प्रत्येक घराचा वीर वेगळा. रत्नाबाईंच्या घरचा तो कोंडिबा. त्याला आवतण पोचल्याशिवाय दुसरी पत्रिका उंबऱ्याबाहेर काढायची नाही. ग्रामदेवीचासुद्धा नंबर त्याच्यानंतर.

"लगीन कधी आहे?"

"फुडच्या मंगळवारी."

"म्हणजे नऊ दिवसांवर? आणि अजून एकही पत्रिका वाटली नाही?"

"गठ्ठा पडलाय देव्हाऱ्यापुढं. ल्योक म्हनतुया, आई, फोनवर पाटवू का समद्यास्नी? म्हनलं, पाटव की, आन लग्नातलं जेवानबी फोनवरच वाड." ती उठली. "तवा गड बंद व्हता, काय करता? आता उघडलाय. आज आवतण दिलं की सांच्याला गठ्ठा फुटतुया."

चढता चढता तिनं वीराची जागा सांगितली. गडावर तीन टाकी आहेत, पाण्याची. तिसऱ्या टाक्याजवळ, मावळतीकडं तोंड करून. लग्न होऊन आल्यापासून साठ वर्षं दरसाल तिनं त्याला तेल-शेंदूर केला होता. मधली दोन वर्षं चुकली, पण तिला घोर नव्हता.

"आमच्या पडवीच्या खोलीत अन्वर मिस्त्री ऱ्हात व्हता. पौडचा. गडाचं समदं चुन्याचं काम त्याच्या हातचं. दीड वरीस माज्या हातची भाकर खाल्ली त्यानं. म्हनायचा, मावशी, तुमच्या वीराकडं माझं ध्यान हाय." मग पुढची पायरी चढून म्हणाली, "आन एक दिस न सांगता गेला. भरल्या ताटावरनं उटावं तसा. भेटू दे, दाखवतेच त्याला."

दरवाज्याशी पोचलो आणि खोटं कशाला बोलू, मी हात जोडले. ढासळलेली कमान मी पूर्वी पाहिली होती. आता ती दगडाला दगड लागून उभी होती, सांध्यांत पांढरा चुना, कुठे सिमेंटचा राखाडी डाग नाही. शेजारी काळ्या चकचकीत दगडावर चाळीसएक नावं कोरली होती. देणगीदार, सल्लागार, मार्गदर्शक. मी सगळी वाचली, मास्तरीणबाईंची सवय. मिस्त्रीचं नाव नव्हतं.

तिकिटाच्या टेबलाशी गणवेशातला रखवालदार होता. धामणवाडीचाच, राजू.

"आत्या, तिकीट घ्यावं लागंल."

"कुनाचं?"

"तुझं."

"माझं?" रत्नाबाईंनी पदर खोचला. "शेंबूड पुसलाय तुझा म्या ह्या हातानं, मुडद्या. त्याचं तिकीट फाडलं व्हतं का मी?"

राजू लाजला. पण पिशवी उघडायला लावली, आणि तेलाची बाटली, शेंदराची पुडी आणि नारळ बघून त्याचा चेहराच पडला. "हे न्हाई नेता यायचं, आत्या. वरनं आर्डर हाय. डाग पडत्यात."

"डाग? वीराला तेलाचा डाग?"

तेवढ्यात आतून व्यवस्थापक आला. दिग्विजय त्याचं नाव. तिशीचा, संस्थेची टोपी, हातात टॅब. अतिशय गोड बोलणं. मला आयुष्यात उद्धट माणसाचा एवढा राग आलेला नाही, जेवढा या गोड बोलण्याचा आला.

"नमस्कार मावशी. आपण शांतपणे बोलू या. हा आता संरक्षित वारसा आहे. तेल, कुंकू, नारळ हे सगळं इथं ठेवा, जाताना परत मिळेल. पत्रिका न्यायला हरकत नाही. फक्त वर कचरा करू नका."

कचरा. नातीच्या लग्नाची हळद लावलेली पत्रिका. मी तोंड उघडलं, पण रत्नाबाईंनी माझा हात दाबला. "असू द्या बाई. ठिवते. त्याला आवतण मिळाल्याशी मतलब."

आणि ती आत गेली. चपला दरवाज्यातच काढून, अनवाणी.

तिसऱ्या टाक्यापाशी पोचलो. हिरवळ होती. बाक होता. मावळतीकडं तोंड केलेलं काहीही नव्हतं.

रत्नाबाई हिरवळीभोवती एक चक्कर मारून आली. "हितंच व्हता," ती म्हणाली. "हितं. बाई, हितंच. मी काय येडी न्हाई."

दिग्विजय मागोमाग आलाच होता. "अहो, सगळ्या मूर्ती आम्ही शिल्पवाटिकेत हलवल्या. उघड्यावर खराब होत होत्या. या ना, दाखवतो. लोकांना फार आवडतं."

तटाच्या आतल्या बाजूला दहा दगड उंचीच्या क्रमानं ओळीत उभे होते. लहान, त्याहून मोठा, त्याहून मोठा, शाळेच्या प्रार्थनेला मुलं उभी करतात तसे. प्रत्येकाच्या पायाशी छोटा दिवा आणि क्रमांकाची पाटी. घासूनपुसून, औषधानं धुऊन काढलेले. ढाल, तलवार, घोडा, पायाशी पडलेला शत्रू, सगळं लख्ख दिसत होतं. मला आधी सुंदरच वाटलं, हे कबूल करते.

रत्नाबाई ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. परत आली. पुन्हा गेली.

"ह्यातला माझा कंचा?"

दिग्विजय हसला. वाईट मनानं नव्हे, पण हसला. "मावशी, साठ वर्षं पूजा करताय ना? मग ओळखू येत नाही?"

"कसा वळकू?" रत्नाबाईंचा आवाज फुटला. "त्याचं तोंड कदी बघितलंय म्या? मी आले तवापास्न त्याच्या अंगावर शेंदूर. सासूनं लावला, तिच्या सासूनं लावला, त्याच्यावर म्या लावला. हे एवढं जाड पूट. मला तो शेंदराचा गोळा ठावं हाय. डाव्या अंगाला फुगीर, वर चपटा. ह्ये उघडेबागडे बाप्ये कोन हायेत मला काय म्हाईत? सुनंनं सासऱ्याच्या तोंडाकडं बघायचं असतंय व्हय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्यांनी काय केलं होतं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी चढवलेलं ते कवच रंग समजून खरवडून टाकलं होतं. आतला दगड वाचला म्हणून त्यांनी पाठ थोपटून घेतली असेल. पण धामणवाडीच्या एकाही घराला आता आपला माणूस ओळखू येणार नव्हता, आणि हे खरवडण्याआधी खाली गावात जाऊन 'यातला तुमचा कोणता' एवढं विचारायला एकही शिकलेला माणूस अर्धा तास उतरून गेला नव्हता!

"शेंदूर काढण्यापूर्वी गावाला विचारलंत?" मी विचारलं.

"मॅडम, तज्ज्ञांची समिती होती."

"समितीतल्या कुणाच्या घरची लग्नं या दगडावाचून अडतात?"

तो रत्नाबाईंकडे वळून म्हणाला, "मावशी, कुठल्याही एका वीरासमोर ठेवा ना पत्रिका. शेवटी भावना महत्त्वाची."

रत्नाबाईंनी पत्रिका छातीशी धरली. "तुला भैन हाय का रं?"

"आहे."

"तिच्या लग्नाची पत्रिका मामाच्या घरी द्यायच्या ऐवजी शेजाऱ्याच्या घरात टाकून आलास का? भावना पोचली आसंल की." मग माझ्याकडे वळून, हळू, "ह्ये बाकीचे दुसऱ्या घरांचे हायेत, बाई. दुसऱ्याच्या वीराला आपलं आवतण दिलं तर दोगांचाबी अपमान. त्यापरीस लगीन फुडं ढकलंन म्या."

नऊ दिवसांवर आलेलं लग्न. ती तसं करणारी बाई होती, हे मला तासाभरात कळलं होतं.

तिनं कमरेच्या पिशवीतून बटणांचा फोन काढून मला दिला. "ह्यात अन्वरचा नंबर हाय. जुईलीनं घातलाय. लावा."

मी लावला, आवाज मोठा केला. दुसऱ्याच घंटीला उचलला गेला. 

"मावशी?"

"मेला न्हाईस व्हय अजून!" रत्नाबाई फोनमध्ये ओरडली. "ते नंतर बगते. आदी सांग, माझा वीर कंचा? हितं धा जनं हुबे केल्यात, एकबी वळखीचा न्हाई."

"मावशी, ऐका. दगड हलवायच्या आदी मी समद्यांवर खुना केल्यात. रंगानं न्हाई, रंग धुऊन जातुया. छन्नीनं खाचा मारल्या. तोंडाला छन्नी लावायची नसती, म्हून पाठीला, खालनं ईतभर वर. पैल्या टाक्यापास्न मोजत आलो. पैल्याला एक खाच, दुसऱ्याला दोन. तुमच्या वीराला सात. सात मोजा, तो तुमचा."

दगड आणि तटाच्या मध्ये चार बोटं फट होती. माझा हात जाईना. रत्नाबाईंचा वाळलेला हात कोपरापर्यंत आत गेला, बांगड्या दगडावर घासत. डोळे मिटून ती बोटांनी मोजायची आणि मोठ्यानं सांगायची. "तीन." पुढचा. "धा." पुढचा. "एक." बघायला माणसं जमली होती. लवळ्याच्या वसतिगृहातली चार कॉलेजची मुलं होती, ती तर तिच्याबरोबर मोजायलाच लागली. चार. अकरा. दोन. नऊ. सहा. पाच. शेवटच्या दगडाशी सगळे पुढे सरकले.

"आठ," रत्नाबाई म्हणाली.

हात बाहेर काढला. कोपराला रक्त आलं होतं. "सात न्हाई रं अन्वर. धाच हायेत हितं. सात न्हाई."

तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

"अन्वर?"

"मावशी." त्याचा आवाज बदलला होता. "तिसऱ्या टाक्याजवळ पाण्याची मोरी काडलीया. तिच्यावर फरशी टाकली आसंल. ती बगा."

आम्ही चालता चालता तो सांगत होता. शेंदूर काढल्यावर सातव्या दगडावरचं कोरीवकाम फार झिजलेलं निघालं. समितीनं 'ओळखता येत नाही' असा शेरा मारून तो यादीतून काढला. त्याच आठवड्यात मोरीवर टाकायला एक लांब, सपाट पाठीचा दगड हवा होता. मुकादमानं हाच दाखवला. "म्या म्हनलं, हा कुनाचा तरी बाप हाय, ह्याला पालथा घालू नका. ते म्हनले, मिस्त्री, तुमचं काम चुना मळायचं. मी थापी टाकली आन गड उतरलो. मला वाटलं, मी न्हाई म्हनलो म्हंजे न्हाई घालायचे."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"कंच्या तोंडानं सांगू? ध्यान हाय म्हनलो व्हतो तुमाला."

मोरीवर फरशी होती. एक जोडपं तिच्यावर उभं राहून पाठीमागच्या धरणासकट फोटो काढत होतं. मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, बहुधा फार मोठ्यानं, कारण ती मुलगी घाबरली. फरशीच्या एका टोकाला, अगदी डोळ्यांसमोर, खाचा होत्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. पाठ वर, तोंड गटारात, सिमेंटमध्ये बसवलेलं.

ऐकणाऱ्यांनो, इथं बुवा असते तर त्यांनी टाळ वाजवून तुम्हाला श्वास घ्यायला वेळ दिला असता. मी देणार नाही. तेव्हा मला मिळाला नव्हता.

दिग्विजयनं टॅबवर यादी काढली, बोटानं वरखाली केली. "हा दगड यादीत नाही, मावशी. हे मटेरियल आहे."

"यादीत नाही?" मी विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"शंभर टक्के. बघा ना तुम्ही."

"म्हणजे हा तुमचा वारसा नाही. मग आम्ही आमचा माणूस उचलून सरळ केला, तर तुमची हरकत काय?"

तो गडबडला. मागे राजूनं खोकल्याचं सोंग करून तोंड फिरवलं. मग दिग्विजय सावरला आणि म्हणाला, शपथेवर सांगते, हेच शब्द, "मॅडम, दगड यादीत नाही, पण मोरी यादीत आहे. मोरीला हात लावता येणार नाही."

लढून पडलेला माणूस यादीत नाही, आणि त्याला पालथं घालून बांधलेली मोरी संरक्षित! मी तीस वर्षं मुलांना शिवी देऊ नका म्हणून शिकवलं. त्या दिवशी मी दिग्विजयला जे म्हणाले ते इथं सांगत नाही. कॉलेजच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, एवढं सांगते.

राजू कुठूनशी पहार घेऊन आला, पण फोनवरून अन्वर ओरडला, "पहार लावू नका! तोंड सिमेंटानं धरलंय, सोलून निगंल. मी निगालोय. वाट बगा."

रत्नाबाई मोरीच्या कडेला बसली. पत्रिका मांडीवर. मी म्हटलं, "इथंच ठेवा ना, पाठीवर. सापडला तर आहे."

"खाली मुंडी घालून बसलेल्याला आवतण देत न्हाईत, बाई. आदी त्याला उटून बसू द्या." आणि मग ती दगडाशी बोलायला लागली. दोन वर्षांत घरात काय काय झालं, कोणती म्हैस व्याली, जुईलीनं नर्सिंगचं शिक्षण कसं पुरं केलं, नवरा मुलगा लवळ्याच्या कॉलेजात कामाला आहे, सगळं. अडीच तास. तोवर येणारे-जाणारे मोरी ओलांडून पलीकडे जायला आले की ती हात वर करायची आणि ते वळसा घालून जायचे. एकानंही वाद घातला नाही. दिग्विजय तेवढा लांब उभा राहून फोनवर बोलत होता.

अन्वर आला तेव्हा घामानं चिंब होता. साठीचा माणूस, एक गुडघा धरून चढलेला, खांद्यावर फडक्यात गुंडाळलेल्या छन्न्या. तो आधी रत्नाबाईंपुढे उकिडवा बसला. "मावशी, चुकलो."

"त्ये नंतर. आदी त्याला उटव."

तासभर तो दगडाच्या कडेकडेनं सिमेंट उडवत राहिला. हातोडीचे ठोके इतके हलके, की शेजारी उभं राहून ऐकू येत नव्हते. दिग्विजय मोबाइलवर चित्रण करत होता. "रेकॉर्ड असू द्या," एवढंच म्हणाला. शेवटी अन्वरनं हात केला. ती चार मुलं पुढे झाली. राजूनं डोक्यावरची गणवेशाची टोपी काढून बाकावर ठेवली आणि तोही वाकला. दगड उठला, वळला, टाक्याच्या कठड्याला टेकून उभा राहिला. मावळतीकडं तोंड करून.

तोंड नव्हतं. गळ्यापासून वर सिमेंटचा थर. खाली घोड्याचे मागचे पाय आणि वर उचललेला एक हात, झिजलेला, पण हात.

अन्वरनं पाणी शिंपडून अंगठा फिरवला. "आज न्हाई निगायचं. जोर केला तर चेहरा संगं यील. रोज थोडं थोडं केलं तर म्हैना लागंल."

रत्नाबाई दगडापुढे आली. साठ वर्षांत पहिल्यांदा बघत होती. तिनं पदर डोक्यावर नीट ओढून घेतला.

"हात हाय की," ती म्हणाली. "हातात देते."

त्या उचललेल्या हातापाशी तिनं पत्रिका टेकवली, कनवटीची सुपारी काढून ठेवली. "कोंडिबा, फुडच्या मंगळवारी जुईलीचं लगीन हाय. समद्यांच्या आदी तुला सांगतीया. यायचं. न्हाई म्हनायचं न्हाई." मग सकाळी डोक्याला लावलेलं खोबरेल तळव्यानं पुसून घेतलं आणि तो तळवा दगडाच्या छातीवर दाबला. डाग पडला. तिनं वळून दिग्विजयकडे पाहिलं. त्याचं चित्रण चालूच होतं. उतरताना दुसरी पत्रिका ग्रामदेवीला आणि तिसरी अन्वरला, असं तिनं दरवाज्यातच जाहीर केलं, आणि वर त्याला म्हणाली, "आला न्हाईस तर टांगा मोडीन."

लग्न झालं. अन्वर घरच्यांना घेऊन आला होता. मीही जेवून आले. माझी हकिगत इथं संपली असती तर मी आज शांत मनानं सांगितली असती.

लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं, संस्थेनं तक्रार दिली आहे. संरक्षित वास्तूची मोडतोड. दगड सहा जणांनी उचलला होता, रत्नाबाईंनी सांगितलं म्हणून, माझ्यासमोर, आणि चित्रणात आम्ही सगळे स्वच्छ दिसतो. तक्रारीत नाव एकच. अन्वर, मिस्त्री, राहणार पौड. ज्या गडाच्या कमानीतला एकेक सांधा त्यानं अंगठ्यानं दाबून भरला, त्या गडाच्या साऱ्या कागदांत आणि पाट्यांत त्याचं नाव कुठंच नाही. फक्त या तक्रारीत आहे.

मी ठाण्यात गेले, म्हटलं, माझंही लिहा. बाकावर रत्नाबाई आधीच बसली होती. हवालदार तिला विचारत होते, "आजी, तुम्ही उचलला दगड?"

"उचलला न्हाई. उचलायला लावला. त्ये जास्त. तसं लिवा."

त्यांनी लिहून घेतलं, चहाही दिला. पण गुन्हा अन्वरवरच आहे. त्याला गडावर जायला बंदी आहे. कोंडिबा कठड्याला टेकून तसाच उभा आहे, यादीत नाही, त्यामुळे त्याचं काय करायचं हे कुणाला ठरवता येत नाही. तोंडावरचं सिमेंट तसंच आहे. ते न दुखावता काढू शकेल असा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो खाली पौडात आपल्या पडवीत छन्न्या पुसून बसलेला असतो.

राग गेलेला नाही. तुम्हाला दिला थोडा, तेवढा हलका झाला असेल. आता मागणं एवढंच. येत्या एकवीस तारखेला अकरा वाजता अन्वरला पहिल्यांदा कोर्टात उभं राहायचं आहे. मी आणि रत्नाबाई जाणारच. तुम्ही आपापल्या घरी असाल, कामात असाल. त्या वेळी हातातलं काम क्षणभर ठेवा, ज्या देवाला मानता त्याच्यापुढे त्याचं नाव घ्या. अन्वर मिस्त्री, पौडचा. त्याची आठवण ठेवा.